पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे मूल नीट बोलू लागण्यापूर्वीच ऐकते. रानातली आडवाट, खांद्यावर कुऱ्हाड, खड्यांनी भरलेले सात रांजण, आणि समोर वीणा घेऊन उभे असलेले नारद. नारद त्याला उपदेश करीत नाहीत. एवढेच म्हणतात, की बाबा रे, ज्यांच्यासाठी तू हे सारे करतोस, ती माणसे तुझ्या पापात वाटेकरी होतील का, हे एकदा घरी जाऊन विचारून ये. वाल्या विचारतो. बायको नाही म्हणते, मुले नाही म्हणतात. आम्हाला पोसणे हे तुमचे काम. ते कसे केलेत ते तुमचे तुम्ही जाणा! वीसएक वर्षे मी ही गोष्ट वर्गात सांगत आलो आहे. पोरे त्या बायकोवर मनापासून रागावतात. एकदा एक मुलगी उठून म्हणाली होती, "गुरुजी, खाताना बरी बसली होती पंगतीला!" पण गोष्टीतला सिद्धान्त मात्र आजवर एकाही पोराने नाकारलेला नाही. पाप ज्याचे त्याचे. त्याचा वाटा कोणी उचलत नाही, आणि उचलतो म्हटले तरी उचलता येत नाही.

हा सिद्धान्त मी इतका गृहीत धरला होता, की जगाच्या पाठीवर कोठे याच्या अगदी उलट बोलणारी माणसे असतील असे कधी मनातही आले नव्हते. ती आहेत. जपानातल्या नारा या जुन्या गावाच्या पूर्वेला डोंगराच्या उतारावर निगात्सुदो नावाचे एक बौद्ध मंदिर आहे. तेथे इ.स. ७५२ पासून दर वर्षी, एकही वर्ष न चुकता, काही भिक्षू एकत्र जमून साऱ्या जगाच्या पापांबद्दल क्षमा मागतात. स्वतःच्याच नव्हे, साऱ्यांच्या. २०२१ साली, महामारीने निम्मे जग दारे लावून बसले होते तेव्हा, हे व्रत १२७० व्या वेळी पार पडले.

माझा भाचा ओसाकाला नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला तिकडे बोलावून घेतले, आणि ओसाकाहून आगगाडीने तासाभराच्या आत आम्ही नाराला पोहोचलो. व्रताचे दिवस ते नव्हेत. ते मार्चात असते, आणि मार्चात आम्हा शिक्षकांना परीक्षा सोडून कोण कोठे जाऊ देतो! तेव्हा जे मी पाहिले ते मंदिर, आणि जे पाहिले नाही ते व्रत, अशा दोन्हींविषयी हे लिहितो आहे. व्रताबद्दल वाचायला पुष्कळ मिळते, त्याची चित्रणेही आहेत.

नारा ७१० पासून ७८४ पर्यंत जपानची राजधानी होती. पुढे राजधानी गेली आणि गाव मागे राहिले. गावात हरणे मोकळी हिंडतात, माणसांच्या हातातला खाऊ हिसकतात, आणि रस्ता ओलांडताना मोटारींना थांबवतात. तोदाइजी या विशाल मठात पंधरा मीटर उंचीचा कांस्याचा महाबुद्ध बसला आहे. प्रवासी त्याचे दर्शन घेतात आणि परत फिरतात. परंतु त्या मंदिराच्या मागून एक वाट दगडी पायऱ्यांनी वर चढते. दोन्ही बाजूंना जुन्या मातीच्या भिंती, मध्ये झिजलेल्या पायऱ्या. ती संपते तेथे, उतारावर लाकडी खांबांच्या आधाराने पुढे काढलेला एक सज्जा डोक्यावर येतो. तेच निगात्सुदो, नावाचा अर्थ 'दुसऱ्या महिन्याचे मंदिर', कारण हे व्रत जुन्या पंचांगाप्रमाणे वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात होत असे.

सज्जावर आम्ही दिवेलागणीच्या सुमारास पोहोचलो. वळचणीला धातूचे कंदील ओळीने टांगलेले. खाली महाबुद्धाच्या मंदिराचे अवाढव्य छप्पर, त्याच्या कण्यावर दोन टोकांना शिंगासारखी सोनेरी भूषणे. त्यापलीकडे गावाची कौले आणि काँक्रीट, आणि पश्चिमेला इकोमाची डोंगररांग. सूर्य तिच्यामागे उतरत होता. शाळेच्या पोरींचा एक घोळका कठड्याला टेकून गप्पा मारीत होता. एक म्हातारे गृहस्थ आले, देवापुढे हात जोडून वाकले, आणि मग पाठ फिरवून गावाकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

देवाचे म्हणाल तर तो दिसत नाही. येथला अधिष्ठाता अकरा तोंडांचा कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्याच्या दोन मूर्ती आत आहेत. पण त्या पूर्ण गुप्त. भक्तांनी तर नाहीच, व्रत करणाऱ्या भिक्षूंनीही त्या पाहायच्या नाहीत. मला तेथे एकदम आपल्या कान्हेरीची आठवण झाली. बोरिवलीच्या जंगलातल्या त्या लेण्यांत ४१ व्या क्रमांकाच्या गुहेत असाच अकरा मुखांचा अवलोकितेश्वर दगडात कोरलेला आहे. भारतात असा दुसरा सहसा सापडत नाही. येथे तो काळोखात जपलेला, तेथे उघड्यावर. सहलीला आलेली मुंबईकर मंडळी त्याच्यासमोरून शेंगा खात जातात, आणि अकरांपैकी एका तोंडानेही तो रागावत नाही.

या व्रताचा आरंभ जित्चू नावाच्या भिक्षूने केला. दंतकथा अशी, की तो डोंगरातल्या एका गुहेतून आत आत चालत गेला आणि थेट तुषित स्वर्गात पोहोचला. तेथे देवगण पापनिवेदनाचे एक व्रत करीत होते. जित्चू म्हणाला, हे मला पृथ्वीवर न्यायचे आहे. देव म्हणाले, जमायचे नाही. आमच्या एका दिवसात तुमची चारशे वर्षे जातात, तुमचे आयुष्य ते केवढे! त्यावर जित्चू म्हणाला, मग आम्ही धावत करू. म्हणून आजही व्रताच्या काही रात्री भिक्षू वेदीभोवती खरोखरच धावतात. कथा पुराणातली, पण 'वेळ पुरत नाही, तर धावू' हे उत्तर मला फार आवडले. चालढकल करणाऱ्या माणसाला ते सुचले नसते.

कथा बाजूला ठेवली तरी तो काळच क्षमा मागण्याचा होता. सम्राट शोमूच्या कारकिर्दीत ७३५ ते ७३७ या तीन वर्षांत देवीची साथ आली. दरबारात सर्वांत बलाढ्य असलेले फुजिवारा घराण्यातले चौघे भाऊ ७३७ या एकाच वर्षात तिने नेले. गरिबांचे किती गेले याला गणती नाही. त्यात दुष्काळ, भूकंप, आणि ७४० मध्ये बंड. त्या काळच्या राजधर्माप्रमाणे अरिष्टाचा दोष राजाच्या माथी. तो त्याने नाकारला नाही. ७४३ मध्ये त्याने महाबुद्ध घडविण्याची आज्ञा काढली, आणि तीत म्हटले, की कोणी गवताची काडी आणली, मूठभर माती आणली, तरी तिचा स्वीकार करावा. ७५२ मध्ये त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. डोळ्यांत बाहुल्या रेखणारा भिक्षू होता भारतातून गेलेला बोधिसेन. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते, आणि जमलेल्यांनी ते दोर हाती धरले होते, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सगळ्यांना मिळावे. पुण्याचे वाटेकरी दोराने जोडले गेले. आणि त्याच वर्षी, त्याच्या दोनच महिने आधी, वरच्या उतारावर पापाचे वाटेकरी होण्याचे हे दुसरे व्रत सुरू झाले होते.

आता व्रताचे स्वरूप. १ मार्चपासून १४ मार्चपर्यंत अकरा भिक्षू दिवसरात्रीच्या सहा वेळांना आत पाठ म्हणतात, नमस्कार घालतात, कान्नोनचे नाव घेतात. त्याआधी फेब्रुवारीच्या २० तारखेपासून ते वेगळे राहतात. त्यांचा विस्तवसुद्धा वेगळा. त्या दिवसांत ते कागदाची लाल-पांढरी फुले करतात आणि अंगावर घालायची वस्त्रेही कागदाचीच. व्रताच्या दिवसांत जेवण एकदा, दुपारी. त्यानंतर मध्यरात्र उलटून रात्रीचे विधी संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. नमस्काराचा एक प्रकार असा, की भिक्षू उडी घेऊन सारे शरीर गुडघ्यावर एका फळीवर आदळतो. लोभ, द्वेष आणि मोह या तीन विषांनी माणसाच्या हातून जे जे घडले, त्या सगळ्याबद्दल ही क्षमायाचना.

बाहेरची गर्दी मात्र जमते ती अग्नी बघायला. रोज संध्याकाळी भिक्षू पायऱ्या चढून वर येतात तेव्हा त्यांच्या पायांपुरता उजेड म्हणून पलिते धरण्याची चाल होती. आज ते पलिते म्हणजे सहा ते आठ मीटर लांबीचे बांबू, टोकाला सुगी वृक्षाच्या पानांचा भारा, एकेकाचे वजन चाळीस किलोच्या आसपास. बारा तारखेचे तर याहूनही मोठे. ते पेटवून सज्जाच्या कठड्यावरून फिरवतात, आणि ठिणग्यांचा पाऊस खालच्या लोकांवर पडतो. ठिणगी अंगावर पडली तर वर्षभर आजारपण नाही, अशी समजूत. सगळे विझल्यावर लोक जळकी पाने वेचून घरी नेतात. क्षमा मागतात आतले अकरा जण, थंडीत, अंधारात, तहानलेले. आणि प्रसाद नेतात बाहेरचे हजारो, गरम कपडे घालून.

येथेच माझे मन अडले. सज्जावरून खाली उतरताना वाटेत चहाची एक खोली लागते. चहा फुकट, आपणच ओतून घ्यायचा, आणि पिऊन झाला की आपला पेला आपणच विसळून ठेवायचा. नळाशी उभा राहून पेला धुताना मी भाच्याला म्हणालो, "अरे, येथे पेला ज्याचा त्याने धुवायचा, आणि वर मात्र साऱ्या दुनियेचे पाप अकरा जणांनी धुवायचे?"

तो हसला. म्हणाला, "मामा, आपली आजी नाही का, दर आषाढात वारीला निघालेल्या शेजारच्या अण्णांना म्हणायची, पांडुरंगाला माझा नमस्कार सांगा. पोचत असेलच ना तो?"

पोरगा हुशार आहे, पण उदाहरण पुरे पडत नाही. नमस्कार पाठवता येतो, कारण नमस्कार करणारे मन आजीचे असते. अण्णा नुसते टपालवाले. जिने पश्चात्ताप केलाच नाही, तिचा पश्चात्ताप अण्णा कोठून नेणार? आणि आपल्याकडे याचा धंदाही पुष्कळ झाला आहे. शेठजी पेढीवर, आणि दक्षिणा घेतलेले गुरुजी त्यांच्या नावे देवळात जप करताहेत, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. बौद्ध मताप्रमाणे तर कर्म ज्याचे त्यालाच भोगावे लागते. मग बौद्ध भिक्षूंनीच हे काय मांडले आहे?

यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे, आणि मला जी वाट सापडली ती माझ्या धंद्यातून सापडली. एका शाळेत एका वर्षी आठवीच्या वर्गाने एका नव्या, काहीशा तोतऱ्या मुलाला इतके चिडवले, की तो शाळेत यायचा थांबला. कोणी सुरुवात केली ते कळेना. चाळीस पोरे चाळीस दिशांना बघत बसली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा एकटाच त्या मुलाच्या घरी गेला आणि त्याच्या आईला म्हणाला, आमच्या वर्गाचे चुकले. हा मुलगा चिडवणाऱ्यांतला नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते. त्याने कोणाचेही पाप स्वतःवर घेतले नाही. जे चिडवत होते ते तितकेच दोषी राहिले. पण 'आमच्या वर्गाचे' हा शब्द त्याने वापरला, आणि तो मुलगा परत शाळेत आला. चिडवणाऱ्यांपैकी दोघांनी नंतर आपण होऊन कबुली दिली. बाकीच्यांनी दिली नाही, तीही नोंद करून ठेवतो, नाहीतर गोष्ट फारच गोड होते.

असेच रोज आपल्या आळीत घडते. पोराने शेजाऱ्याच्या तावदानाला चेंडू मारला, की आई पदराला हात पुसत शेजारी जाते आणि म्हणते, चुकलं हो आमचं. काच तिने फोडलेली नसते. तिच्या क्षमा मागण्याने पोराची वृत्ती सुधारतेच असेही नाही. पण तिने जर दारात उभे राहून 'माझा काय संबंध?' असे म्हटले, तर आपल्याला ती बाई कशी वाटेल? वाल्याची बायको दुसरे काय म्हणाली होती? तिचे म्हणणे न्यायाने खरे होते. पापाचा वाटा खरोखरच तिच्या पदरात पडत नव्हता. तरी माझ्या वर्गातल्या मुली तिच्यावर रागावतात, आणि मला आता वाटते, मुलींचे बरोबर आहे. शिक्षा वाटून घेता येत नाही. लाज वाटून घेता येते. निगात्सुदोतले अकरा जण जगाचा हिशेब चुकता करीत नसावेत. 'आमचा काय संबंध' म्हणण्याची सोय ते स्वतःला ठेवीत नाहीत, इतकेच.

परंतु इतकेही सोपे नाही ते, आणि हे त्याच नारातल्या भिक्षूंच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. ११८० च्या अखेरीस ताइरा नो शिगेहिरा नावाच्या सेनापतीने नारावर स्वारी केली. आग लागली आणि वाऱ्याने पसरली. महाबुद्धाचे मंदिर, मठ, आत लपलेली माणसे, सगळे जळाले. निगात्सुदो उतारावर वर होते म्हणून वाचले. इतका संहार झाल्यावर त्या वर्षी व्रत होणार नाही असेच ठरत होते. तरी काही भिक्षू स्वतःहून पुढे आले आणि त्यांनी ते पार पाडले. जळक्या राखेच्या वर, सज्जात, सर्वांच्या पापांची क्षमा मागितली गेली. 'सर्वांच्या' यात शिगेहिराही आलाच, नाही का? पुढे तो युद्धात पकडला गेला. जुन्या युद्धकथेत तो पश्चात्तापाने जळत असलेला दाखवला आहे. नाराच्या भिक्षूंनी त्याची मागणी केली, तो त्यांच्या हवाली झाला, आणि ११८५ मध्ये किझू नदीच्या काठी त्याचे मस्तक उडवले गेले.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. साऱ्या जगासाठी क्षमा मागणे सोपे, कारण साऱ्या जगाला तोंड नसते. ज्याने आपले घर जाळले तो माणूस हात जोडून समोर उभा राहिला, की व्रत खरे तेथे सुरू व्हायला हवे. भिक्षूंवर दगड मारण्याचा मला अधिकार नाही. जळालेली माणसे त्यांची होती. पण व्रत मोडले नाही, या अभिमानाच्या गोष्टीशेजारी ही गोष्टही सांगितली पाहिजे.

१६६७ मध्ये तर व्रताच्याच दिवसांत खुद्द निगात्सुदो जळून गेले. उरलेले विधी शेजारच्या देवळात पूर्ण केले गेले आणि दोन वर्षांनी आजची वास्तू उभी राहिली. क्षमा मागितल्याने छप्पर वाचते असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

या व्रतातली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. ५ आणि १२ मार्चच्या रात्री भिक्षू एक जुने नामपत्र वाचतात. सम्राट शोमूपासून पुढे, या मठासाठी ज्यांनी काही केले अशा मृतांची नावे त्यात आहेत. महाबुद्धाच्या कामी देणगी देणारे आणि राबणारे मिळून जुन्या नोंदींत आकडा २६ लाखांच्या घरात जातो. मजुरांची मोजदाद आहे, नावे कोणाची असणार? तेराव्या शतकाच्या आरंभी शूकेइ नावाचा भिक्षू हे वाचीत असता निळसर वस्त्र नेसलेली एक स्त्री त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझे नाव का गाळलेस? तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. त्याने हळूच उच्चारले, 'निळ्या वस्त्रातली स्त्री'. ती दिसेनाशी झाली. तेव्हापासून नामपत्रात राजे, आचार्य, दाते यांच्या रांगेत तिचा उल्लेख होतो, आणि वाचणारा त्या जागी आजही आवाज खाली आणतो.

भूत म्हणा, भास म्हणा. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. सर्वांसाठी क्षमा मागणाऱ्यांना कोणीतरी येऊन विचारले, की तुमच्या 'सर्वां'त मी आहे का? आणि ते विचारायला यावे लागले एका स्त्रीला, हेही काही योगायोगाने नव्हे. आजही व्रताच्या वेळी स्त्रियांना आत प्रवेश नाही; त्यांनी बाहेरच्या अंगच्या खोल्यांत जाळीमागे अंधारात बसून ऐकायचे. बाराशे वर्षे जगाची लाज वाहणाऱ्यांना या एका गोष्टीची लाज अजून वाटलेली नाही, हे मला खटकले, आणि भाच्याजवळ मी ते बोललोही. तो म्हणाला, "मामा, आपल्याकडे काय वेगळे आहे?" यावर मला उत्तर नव्हते.

चहाच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा काळोख पडला होता आणि सज्जातले कंदील लागले होते. निगात्सुदोला दार लावण्याची वेळ नसते. रात्रीही कोणी पायऱ्या चढून येऊ शकतो. आम्ही उतरत असता एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन चढत होती. भाच्याने सांगितले, की व्रत संपल्यावर १५ मार्चला आईबाप मुलांना येथे घेऊन येतात. अग्नीभोवती नाचताना भिक्षू जी मोठी भरजरी टोपी घालतात ती त्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यावर क्षणभर ठेवतात. टोपी डोळ्यांवर येते, काही मुले रडतात, काही हसतात. मग टोप्या पेटीत जातात, आणि पुढल्या वर्षीचे अकरा जण कोण, हे १६ डिसेंबरला सकाळी जाहीर होते.